फिनेलचा वास

फिनेलनं हाताची सालपटं निघायला लागली, तेव्हा पायलनं रिठे आणि लिंबाच्या साली उकळून फरशी पुसायचं पाणी घरीच तयार केलं. फरशी लख्ख निघाली, हातांची आगही थांबली. पण लासुर्ण्याच्या त्या घरात शेवटचा शब्द तिच्या सासूबाईंचा, तुळसाबाईंचा. त्या उंबऱ्यात थांबून आधी हुंगायच्या.

"फिनेलचा वासच न्हाय. मग पुसलं कसं म्हणायचं? परत पूस."

"आत्या, बघा तरी. कुठं डाग ऱ्हायलाय का?"

"डागाचं सांगू नगं. आल्यागेल्याला कळाय पायजे."

रोज हेच. पुन्हा फिनेलनं पुसेपर्यंत बारामतीची एसटी निघून जायची आणि ऑफिसात साहेबांची बोलणी खावी लागायची. समजावून समजावून पायलचं डोकं उठलं होतं.

आज मात्र ती वाद न घालता वेळेत एसटीला गेली. तुळसाबाई रानातून आल्या, दारातच छाती भरून वास घेतला आणि समाधानानं म्हणाल्या, "आता कशी सोच्छ झाली फरशी."

 

पायलनं आज फरशी पुसलीच नव्हती. फिनेलची बाटली तेवढी दारामागं उघडून ठेवली होती.