ऑनलाइन आहे की सगळं!

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात तिला सगळे हेल्पताई म्हणायचे. तिने बनवलेल्या कुठल्याही कमांडपुढे 'हेल्प' टाइप केलं, की ती कशी वापरायची ते तिथल्या तिथे साध्या भाषेत स्क्रीनवर यायचं.

नव्या साहेबांना ते खटकलं. "आपल्या साइटवर ऑनलाइन आहे की सगळं! हे पाल्हाळ पुसून टाका." ती तावातावाने भांडली, पण साहेब ढिम्म हलले नाहीत.

आज ऐन गर्दीत हॉस्पिटलचं नेटवर्कच बंद पडलं. खिडकीपुढे रांग, रिपोर्ट अडकलेले, ऑपरेशन थिएटरमधून फोनवर फोन. नेटवर्क चालू करायच्या कमांडचं नाव साहेबांना आठवत होतं, पण पुढे काय लिहायचं ते आठवेना. आणि साइट काही उघडेना.

"ताई, अहो, करा ना काहीतरी!"

"हेल्प टाइप करा," ती खुर्चीतून न उठता म्हणाली.

"ते तर तुम्ही पुसलंत ना?"

"टाइप तर करा!"

साहेबांनी टाइप केलं. स्क्रीनवर अख्खी कमांड आली, आणि तिच्याखाली दोन ओळी:



"साहेब, एवढी एक मदत मी पुसलेली नाही.
नेटवर्क बंद पडल्यावर ऑनलाइन काय डोंबल बघणार होतात?"