चोवीस तासांच्या आत

"दोन तास म्हणे!" तक्रार घेऊन आलेल्या बाईंनी रिकामी कळशी टेबलावर आपटली. "चार दिवस झाले, नळाला थेंब नाही!"

पाणीपुरवठा कार्यालयाच्या भिंतीवरच्या स्क्रीनवर त्यांच्या तक्रारीपुढे ठळक अक्षरांत झळकत होतं, 'प्रलंबित : २ तास'. तो प्रोग्रॅम शेजारीच उभ्या असलेल्या हर्षदानेच लिहिला होता. तिने तिथेच लॅपटॉप उघडला आणि कपाळावर हात मारून घेतला. तक्रारीचा कालावधी दाखवताना तिने तास-मिनिटं घेतली होती, दिवस घ्यायलाच विसरली होती. चोवीस तास उलटले की आकडा घड्याळासारखा पुन्हा शून्यापासून सुरू. कितीही जुनी तक्रार असो, रोज नवीकोरी! आणि सहा महिने ऑफिसात कुणाच्याही हे लक्षात येऊ नये?

तिने चूक सुधारली. स्क्रीनवरचे आकडे भराभर बदलले. ४ दिवस २ तास. ११ दिवस ७ तास. १९ दिवस.

आतून गायधनी साहेब धावत आले. "अहो मॅडम, हे काय करून ठेवलंत? परवाच वरून शाबासकी मिळाली, आपली एकही तक्रार दिवसाच्या वर जात नाही म्हणून!"

"साहेब, ती माझी चूक होती."

"मग राहू द्या ना ती! पुन्हा पहिल्यासारखं करा बघू. किती वेळ लागेल?"

हर्षदाच्या डोक्यात तिडीक गेली. तिने लॅपटॉप मिटून बॅगेत कोंबला.

"दोन तास, साहेब," ती म्हणाली. "तुमच्या जुन्या स्क्रीनवरचे."