रजेचा शेवटचा दिवस

"नवरा रजेवर आलाय म्हणून कालेज बुडवायचं न्हाई," धोंडुबाईंनी सुनेला सकाळीच बजावले.

शालन निमूटपणे निघाली. एकाहत्तरच्या लढाईनंतर प्रथमच घरी आलेला कृष्णात उद्या पलटणीत परतणार होता, आणि वडीलधाऱ्यांनी भरलेल्या घरात त्याच्याशी धड एक शब्दही बोलणे झाले नव्हते.

इस्लामपूरच्या कॉलेजात तिची नुसती तारांबळ उडाली. गणिताच्या तासाला चित्त थाऱ्यावर नव्हते. रसायनाच्या प्रात्यक्षिकात परीक्षानळी फुटली, सरांची बोलणी खाल्ली, तरी तिची नजर घड्याळावरच. चारची गाडी चुकली, तर हाती आलेला दिवस गेलाच म्हणायचा! अखेर घंटा होताच पदर खोचून ती फाटकाकडे धावत सुटली.

फाटकात कृष्णात उभा होता, हातात गरम भज्यांचा पुडा घेऊन.

"आगं बाई! तुमी हितं? आत्याबाई काय म्हणतील?"

"तिनंच धाडलंय," तो लाजत म्हणाला. "म्हणली, सुनंला घिऊन ये. पर शेवटच्या गाडीच्या आदी आलासा, तर दार उघडणार न्हाई."