विहिरीकडचा पट्टा

"या शिवारात मला विचारल्याशिवाय पान हलत नाही!" धोंडीअण्णांनी बांधावरून जाहीर केलं आणि कुदळ हाणली. कुदळ ठण्णकन उडाली, अण्णाच कमरेपासून हलले.

सगळ्या रानात हरभरा गुडघ्याला लागत होता, फक्त विहिरीकडच्या पट्ट्यात पिवळा पडून खुरटला होता. "चाकांनी माती पार दगड करून टाकलीस, मुळी खाली जायची कशी?" अण्णा ट्रॅक्टरवाल्या हणमंतावर खेकसले. "आणि नेमकी इथंच?"

"इथं फेऱ्या जरा जास्त झाल्या, अण्णा."

"जरा? रान ओलं असतानाही तू इथंच घिरट्या घालत होतास! अन् मी गावभर सांगत सुटलो, पोरगं काय कष्टाळू आहे!"

विहिरीवर अण्णांची लेक रेश्मा घासलेलंच पातेलं पुन्हा घासू लागली. अण्णांनी आधी पट्ट्याकडे पाहिलं, मग लेकीच्या लाल झालेल्या कानांकडे. तिच्या आईच्या गल्लीत त्यांनीही सायकलवरून चकरा मारल्या होत्या. फरक एवढाच, सायकलखाली कुणाचा हरभरा गेला नव्हता.

"रेश्मे, बास कर, भोक पडंल त्याला," अण्णा हळूच म्हणाले. "काय गं, पसंत आहे का हा?"

रेश्माने पातेल्यात बघूनच होकारार्थी मान हलवली.

अण्णांनी कुदळ खांद्यावर टाकली. "हणमंता, उद्या आईवडलांना घेऊन घरी ये. बोलून घेऊ."

हणमंता घाईघाईनं ट्रॅक्टरकडे वळला.

"फक्त एक कर, बाबा," अण्णा म्हणाले, "येताना चालत ये."