गजराबाईची जागा

यमाजीने खुर्चीवरचा फोटो उचलला तशी ओसरीवरच्या सगळ्या माना वळल्या.

"कुणी ठिवला ह्यो हितं?"

फोटो गोरक्षने ठेवला होता. गोरक्ष यमाजीचा पुतण्या. सकाळपासून तो याच घरात राबत होता. मोबाईल टीव्हीला जोडून झाला होता, सतरंज्या अंथरून झाल्या होत्या. मग त्याने भिंतीवरचा यमाजीच्या बायकोचा, गजराबाईचा फोटो काढला, पुसला आणि टीव्हीच्या समोर खुर्चीत ठेवला.

"दिशाची पयली टेस्ट मॅच हाय, आबा," तो म्हणाला. "भारताकडून खेळतीय. काकूनं बघाया नको व्हय?"

"तिनं न्हाई बघायचं."

यमाजी फोटो घेऊन अंगणात गेला. लिंबाखाली एक चपटा दगड होता. त्यावर मेंढरांना मीठ टाकत. त्या दगडावर त्याने फोटो ठेवला, लिंबाच्या बुंध्याला टेकवून. तोंड रस्त्याकडे, पाठ घराकडे. मग तो आत येऊन पुढच्या सतरंजीवर, आपल्या नेहमीच्या जागेवर बसला.

कुणी त्याला काही विचारलं नाही. लोणी गावात सगळ्यांना त्यामागचं कारण ठाऊक होतं.

लोकर कातरायच्या वेळी पळणारी मेंढरं यमाजीची लेक दिशा लहानपणापासून धरायची. खाली वाकून पायांना मिठी मारायची आणि एडका असला तरी आडवा करायची. शाळेतल्या सरांनी ते पाहिलं आणि तिला रग्बीला घातलं. तिची पहिली मॅच गजराबाईने मोबाईलवर पाहिली, अगदी डोळ्याला लावून. त्याच मॅचमध्ये एक दांडगी पोरगी दिशाच्या अंगावर आली आणि दिशाच्या गळ्याखालचं हाड मोडलं.

"माझीच नजर लागली," गजराबाई म्हणाली. "आईची नजर लई वंगाळ."

त्यानंतर तिने लेकीची एकही मॅच पाहिली नाही. आत निम्मी आळी बसलेली असायची आणि गजराबाई बाहेर दगडावर, टीव्हीकडे पाठ करून लसूण सोलत असायची. आतला आवाज एकदम बंद पडला की मान न वळवता विचारायची, "उठली का?"

"उठली, काकू, उठली!"

मग पुढची पाकळी.

यमाजी तिला चिडवायचा. "मॅचला बसलीस का यस्टीची वाट बघतीस?"

"तुमी हाय की बघाया. घरातल्या दोगांनी बघाया पायजे असं कुठं लिवलंय?"

पौषात ती गेली. दिशा शिबिरात होती, ती पोचली तेव्हा सगळं आटपलं होतं. तेव्हापासून घरातला टीव्ही बंद होता. तो आज लागला.

जुन्नरहून शौकतभाई आले. मेंढरांचे व्यापारी, दिशाची एकही मॅच न चुकवणारे. दुखवट्याचं घर म्हणून त्यांनी मिठाई आणली नव्हती, केळी आणली होती.

"टेस्ट हाय म्हणं," टेकता टेकता ते म्हणाले. "म्हंजी पाच दिवस मुक्काम?"

"रग्बीची टेस्ट हाय, भाई. च्या प्यायच्या आत निकाल," गोरक्ष म्हणाला.

"मग बरंय. घरी एकाच दिवसाचं सांगून आलोय."

लोक थोडे हसले. पण यमाजीकडे पाहून लगेच थांबले. टीव्हीवर रिकामं मैदान दिसत होतं. कुणीतरी आवाज वाढवला, कुणीतरी कमी केला. गोरक्ष चौथ्यांदा म्हणत होता की बॉल पुढं फेकायचा नसतो, मागंच द्यायचा असतो, आणि आज त्याला कुणी गप्प बस म्हणत नव्हतं.

यमाजीचा फोन वाजला. दिशाचा होता. तो उठून अंगणात गेला.

"आबा, आता मॅचआधी मोबाईल जमा करायचेत. आली का सगळी?"

"आली. शौकतभाई बी आलाय."

"आणि आई?"

यमाजीने लिंबाखाली पाहिलं.

"तिच्या जागेवर हाय. दगडावर. रस्त्याकडं तोंड करून."

पलीकडे पोरींचा गलका चालला होता.

"आबा, तिला आत न्या. टीव्हीसमोर ठेवा."

"अगं पण नजर—"

"लागू द्या की! लागली तर मला कळंल तरी, ती बघतीय."

फोन बंद झाला. रस्त्याने उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ फोटोवर बसली. यमाजीने ती धोतराच्या सोग्याने पुसली. मग दोन्ही हातांनी फोटो उचलून तो आत आला. लोकांनी वाट करून दिली. त्याने फोटो खुर्चीत ठेवला आणि मागे सरून दिसतंय का ते पाहिलं. गोरक्षचं डोकं आड येत होतं. त्याने गोरक्षला खूण करून बाजूला सरकवलं.

टीव्हीवर पोरी मैदानात यायला लागल्या. "आली, आली! तिसरी बघा, तिसरी!" ओसरीवर एकच ओरडा झाला.

यमाजी वळला आणि दाराकडे चालू लागला.

"यमाजीराव, कुठं निघाला?" शौकतभाईंनी हात धरला. "तुमची पुढची जागा धरून ठिवलीय की."

यमाजीने हात सोडवून घेतला. तो अंगणात गेला आणि लिंबाखालच्या दगडावर बसला, रस्त्याकडे तोंड करून.

"तुमी बघा," तो तिथूनच म्हणाला. "उठली का म्हणून हितनं कुणीतरी इचाराया पायजे."