मंगळ दाखवा

"मग दाखवा ना, मामा. कुठे आहे मंगळ?"

गायत्रीने हे इतकं सरळ विचारलं की तिच्या आईच्या हातातली उंधियूची डिश हातातच राहिली. मुलाच्या मामाला असं विचारायचं नसतं. तेही तो नकार द्यायला आलेला असताना.

उत्तरायणाची, म्हणजे संक्रांतीची, संध्याकाळ होती. सुरतेतल्या लिंबायतच्या सगळ्या गच्च्या पतंग उडवणाऱ्या माणसांनी भरल्या होत्या. गजेंद्रमामा आपल्या विधवा बहिणीला, प्रमिलाबाईंना, आणि भाच्याला, योगराजला, घेऊन भेस्तानहून आले होते. सोयरीक जमल्यातच जमा होती. योगराज सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका डाइंग मिलमध्ये सुपरवायझर. गायत्री मराठी शाळेत विज्ञान शिकवायची. दोघांची पसंती झाली होती. गायत्रीच्या वडिलांनी, लक्ष्मणभाऊंनी, हॉलची चौकशीही करून ठेवली होती. मग मामांनी पत्रिका मागितली आणि पोरगी कडक मंगळाची निघाली.

"माझ्या बहिणीचं कपाळ सव्विसाव्या वर्षी पांढरं झालं," मामा नुकतेच म्हणाले होते. "आता तिचा एकुलता एक पोरगा मंगळाच्या तोंडी देऊ? वाईट वाटून घेऊ नका, लक्ष्मणभाऊ. पोरगी गुणाची आहे. पण तो वर डोळे वटारून बसलाय, त्याला कोण काय करणार!"

त्यावर गायत्रीने तो प्रश्न विचारला.

मामा पस्तीस वर्षं पत्रिका जुळवत होते. खानदेशातून सुरतेला आलेल्या कितीतरी घरांची लग्नं त्यांच्या एका शब्दावर जमली होती आणि मोडलीही होती. कागदावरच्या बारा घरांत मंगळ कुठे बसलाय, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. त्यांनी आकाशाकडे पाहिलं. तिथे घरं आखलेली नव्हती.

पण सगळे बघत होते. मामांनी हात उंचावला आणि दक्षिणेला बोट केलं.

"तो बघ. लालबुंद. दुसरा कोण असणार?"

"जरा थांबून बघा, मामा. ग्रह असा लुकलुकत नाही. हेलकावे तर मुळीच खात नाही."

"मला शिकवू नकोस, पोरी."

एवढ्यात शेजारच्या गच्चीवरून पतंग कापल्याची आरोळी उठली, "काप्यो छे!" थाळ्या वाजल्या. मामांचा मंगळ थरथरला, आडवा झाला आणि पेट घेत समोरच्या पत्र्यांवर जाऊन पडला. ती तुक्कल होती, पतंगाच्या दोरीला बांधलेला कागदी कंदील.

"मामा," योगराज म्हणाला, "मंगळ कटला."

गच्चीवर हसू फुटलं. लक्ष्मणभाऊ तेवढे हसले नाहीत. आता उरलीसुरली आशाही गेली, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"हसा, हसा!" मामा चपला शोधू लागले. "वर सापडला नाही तरी पत्रिकेत आहेच ना तो! चल, प्रमिला."

प्रमिलाबाई उठल्या नाहीत. त्या संध्याकाळी अख्खं सुरत वर बघत होतं. त्या एकट्याच मात्र आल्यापासून आपल्या पायांच्या बोटांकडे बघत बसल्या होत्या. व्याह्यांसमोर जेवढं बोलल्या, तेवढं जपून, शाळेतल्या मराठीत. आता एकदम घरच्या बोलीवर आल्या.

"खरा कोठे शे, पोरी? माले दखाड."

गायत्रीने त्यांना हात धरून कठड्यापाशी नेलं. आधी पश्चिमेला वळवलं. "तो पांढराशुभ्र, सगळ्यात तेजस्वी, तो शुक्र. त्याच्या थोडा वर, फिकट पिवळा, शनी. डोक्यावर आलाय तो गुरू. त्याच्या शेजारी लालसर लुकलुकतेय ती रोहिणी. ती ग्रह नाही, तारा आहे. पुष्कळांची तिथे फसगत होते." मग तिने त्यांना पूर्वेकडे फिरवलं. कालची पौर्णिमा, चंद्र नुकताच वर आला होता. "आता चंद्राच्या जरा वर बघा. तांबूस ठिपका. घाई करू नका. हलत नाही, लुकलुकत नाही."

प्रमिलाबाईंनी मान वर केली. वेळ लागला. मग त्यांचा हात गायत्रीच्या हातावर घट्ट झाला.

"हाऊ? इतलासा?"

"हो. इतकासाच."

"कितला लांब शे?"

"सध्या तसा जवळ आलाय. साडेनऊ कोटी किलोमीटर."

प्रमिलाबाई त्या ठिपक्याकडे बघत राहिल्या. आजूबाजूला पोरं ओरडत होती, कुठेतरी गरबा लागला होता. चंद्र हातभर वर आला तरी त्यांची मान खाली झाली नाही.

"वायर हातभर लांब होती," त्या म्हणाल्या.

कोणाला काही कळलं नाही. मामा मात्र चपला घालता घालता थांबले.

"कारखान्यातल्या लूमची वायर. उघडी. यास्नी, योगराजच्या बापानं, सेठले दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी तिलाच चिकटले."

"प्रमिला, चल म्हणतो ना," मामा म्हणाले. पण आवाजातला राग गेला होता. आता त्यात भीती होती.

"थांब, दादा. सत्तावीस वरीस तुझंच ऐकलं. सत्तावीस वरीस मान खाली घालून चालले." त्यांनी गायत्रीचा हात सोडला नाही. तशाच त्या लक्ष्मणभाऊंकडे वळल्या.

"हॉल पक्का करा, भाऊ. अन् पत्रिकेचं कोणी विचारलं तर लपवू नका, माझ्या लग्नात माझ्या दादानं लपवलं तसं. खुशाल सांगा, सून मंगळी शे. अन् सासूबी मंगळीच शे."