चेकवरचा फोटो

शनिवारी मेव्हने पहिलं पाऊल टाकलं, तेही आईच्या दिशेने. त्याच आनंदात रविवारी हॉलीने फुकटच्या सॉफ्टवेअरवर घरीच स्वतःच्या खात्याचे चेक छापायला घेतले; तिच्या बँकेला तसे चेक चालत. चेकवर लेकीचा फोटो हवा होता. पण तिने काढलेल्या फोटोंत मेव्ह एकतर रडवेली, नाहीतर पेंगुळलेली. खदखदून हसणारी मेव्ह एकाच फोटोत होती, आणि तो त्याआधीच्या मंगळवारी ग्लेंडाने पाठवलेला. ग्लेंडा मेव्हला दिवसभर सांभाळायची. फोटोत खाली तिचा पुढे केलेला हात दिसत होता. हॉलीने तेवढा हात कापून टाकला.

"अगं, त्या हाताने तुझं काय घोडं मारलंय?" नवरा हसला.

"माझ्या चेकवर माझी मुलगी पुरे."

शुक्रवारी पगाराचा चेक हातात पडताच ग्लेंडा हरखली. "अगं बाई! आमच्या छोट्या बाईसाहेब पहिल्यांदा चालल्या, तेव्हाचा ना हा?"

"ती शनिवारी चालली," हॉली म्हणाली. "माझ्याकडे आली."

ग्लेंडाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि चेक घाईघाईने पर्समध्ये टाकला. "हो की, शनिवारीच! माझं मेलीचं डोकंच हल्ली ठिकाणावर नसतं."